पोलिसांच्या पिस्तुलाचा चाप जड हवा की हलका?

तिरकस_नेम

आधी भाषेचा घोळ मिटवतो, नाहीतर अर्धे प्रतिसाद त्यावरच जातील. आपण 'घोडा दाबला' म्हणतो तेव्हा बोट खरं तर चापावर असतं, घोडा म्हणजे मागे उठून आपटतो तो हॅमर. आणि हल्लीच्या बहुतेक पोलिसी पिस्तुलांना बाहेर दिसणारा घोडाच नसतो, आत स्ट्रायकर असतो, म्हणजे काडतुसावर आपटणारी स्प्रिंगवरची सुई. तर इथे चाप म्हणजे ट्रिगर, बोटाखाली येतो तो.

आता मुद्दा. पोलिसांना मुद्दाम जड चापाचं पिस्तूल द्यायचं ही जी पद्धत आहे ना ती मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्कचंच बघा. १९९३ मध्ये तिथल्या पोलिसांना रिव्हॉल्व्हर सोडून ९ मिमी पिस्तुलं मिळायला लागली. साहेबलोकांना भीती ही की रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड, त्याची सवय लागलेला माणूस हलक्या चापावर नको तेव्हा गोळी झाडेल. म्हणून ग्लॉकमध्ये स्प्रिंग बदलून चाप केला १२ पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलो. फॅक्टरीतून तोच चाप साधारण साडेपाच पौंडांचा, अडीच किलोचा येतो. माणसांना चाप लावता येईना म्हणून चापच जड केला, असा सगळा प्रकार.

आता हिशोब करा. रिकामं ग्लॉक १७ मॅगझिनसकट सातशे ग्रॅमच्या आसपास. त्याला एका बोटाने त्याच्या वजनाच्या साडेसातपट जोराने ओढायचंय आणि बाकीचा हात मात्र हलवायचा नाही. जमतं का? नळी खाली जाते नाहीतर बाजूला. एक अंश हलली तरी ७ मीटरवर गोळी १२ सेंटिमीटर चुकते, १५ मीटरवर २६ सेंटिमीटर. आणि चुकलेली गोळी हवेत विरघळत नाही, कुणाच्या तरी अंगात जाते. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या, समोरचा खुनी मेला पण रस्त्यावरचे ९ लोक पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. सगळा दोष चापाचा असं म्हणत नाही, गर्दी होती, सेकंदांचा मामला होता. पण अमेरिकेच्या रँड या संशोधन संस्थेने २००८ च्याच अहवालात त्या खात्याला हलक्या चापाचा विचार करा असं सुचवलं होतं हेही खरंय.

माझं मत: स्ट्रायकर पिस्तूल, अडीच किलोचा चाप, आणि बोट चापाबाहेर ठेवायचं शिक्षण. बास.

खाकीतली_वर्षं

तिरकसराव, तुम्ही रेंजवरून बोलताय. मी एकवीस वर्षं माणसांना शिकवलंय, कागदाच्या टार्गेटला नाही.

पोलीस पिस्तुलाने काय करतो ते आधी बघा. बहुतेकांच्या पूर्ण नोकरीत ड्युटीवर एकही गोळी झाडायची वेळ येत नाही. पण पिस्तूल बाहेर काढून रोखायची वेळ खूपदा येते. रोखलेलं असताना ओरडायचं, दुसऱ्या हाताने दार ढकलायचं, कुणाची कॉलर धरायची, जिना चढायचा. आणि तिथेच शरीर दगा देतं. एका हाताने जोरात पकड केली की दुसऱ्या हाताची बोटंही आपोआप आवळतात. पाय घसरला की आवळतात. बाजूला काही फुटलं, आवाज झाला, दचकलात की आवळतात. तिन्ही प्रकार शास्त्रज्ञांनी मांडलेले आहेत, माझ्या मनाचं नाही. आणि दचकून आवळलेली मूठ अडीच किलोला विचारत नाही.

'बोट बाहेर ठेवा' हे मीच हजारो वेळा ओरडून सांगितलंय. अंधारात सराव घेतला की त्याच पोरांची बोटं चापावर जातात आणि नंतर शपथेवर सांगतात की सर गेलंच नव्हतं. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच कळलेलं नसतं.

आणि आकडे हवेत तर लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याचे घ्या. घोडेवालं बेरेटा ९२ सोडून स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी या स्ट्रायकर पिस्तुलावर आले. नकळत गोळी सुटण्याच्या घटना २०१२ मध्ये १२ होत्या, २०१४ मध्ये ३०. बेरेटाची पहिली गोळी लांब आणि जड ओढीने सुटते, ती उशी काढून घेतली की हे होणारच.

तिरकस_नेम

सर, त्याच आकड्यांचा मी उलटा अर्थ लावतो. जुन्या बेरेटाने त्यांना चापावर बोट टेकवून ठेवायची सवय लावली, कारण खपून जात होतं. पिस्तूल बदललं, सवय बदलली नाही. म्हणजे जड चाप चूक थांबवत नव्हता, लपवत होता.

आणि जड चाप थांबवतो म्हणता तर नोव्हेंबर २०१४ ची ब्रुकलिनची घटना घ्या. अंधारा जिना, नवा पोलीस, पिस्तूल बाहेर काढलेलं, कसलासा आवाज आला आणि गोळी सुटली. भिंतीवर आपटून खालच्या मजल्यावरच्या निःशस्त्र तरुणाला लागली, तो गेला. चाप किती? साडेअकरा पौंड. त्याच न्यूयॉर्कवाल्या जड स्प्रिंगचं पिस्तूल. कोर्टात सरकारी वकिलांनी हाच मुद्दा लावून धरला की इतका जड चाप चुकून ओढला जात नाही. म्हणजे बघा, तुमच्या उशीने त्या तरुणाला वाचवलं नाही, पोलिसाला तुरुंगाच्या दारात मात्र नेलं.

खाकीतली_वर्षं

एक घटना सांगून नियम मोडत नाही. जड चापामुळे जी गोळी सुटलीच नाही तिची बातमी होत नसते, ती तुम्ही मोजणार कशी?

तिरकस_नेम

मग जड चापामुळे जी चुकून दुसऱ्याला लागली ती तरी तुम्ही कुठे मोजताय?

तेल_आणि_चिंधी

दोघेही पौंडात अडकलायत म्हणून मधे तोंड घालतो. मी आर्मरर होतो, पिस्तुलं उघडायची, पुसायची, बंद करायची यात आयुष्य गेलं.

चापाला दोन मापं असतात, जोर आणि अंतर. आपण नेहमी जोराबद्दलच भांडतो. जुना रिव्हॉल्व्हर चालवलाय का कुणी? डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे चाप ओढूनच घोडा उठवायचा आणि सोडायचा, तेव्हा जोर बराच, पण मुख्य म्हणजे बोट लांबवर प्रवास करतं, चाप मागे येताना घोडा उठताना डोळ्यांना दिसतो, सिलिंडर फिरताना दिसतो. शरीराला कळतं की काहीतरी चाललंय, आणि अर्ध्यातून परत फिरता येतं. पण त्याच रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला की चाप होतो केसासारखा. माणूस पकडायला जाताना लोक असा घोडा चढवून जायचे आणि मग व्हायचं ते व्हायचं. म्हणून तर लॉस एंजेलिस पोलिसांनी रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढवायची सोयच काढून टाकली, नंतर न्यूयॉर्कनेही तेच केलं.

जर्मन पोलिसांनी हे डोकं लावून केलंय असं माझं मत. त्यांच्या तांत्रिक नियमात चापाला जोर हवा निदान ३० न्यूटन, म्हणजे तीन किलोच्या आसपास, आणि प्रवास निदान १० मिलिमीटर. जोर मध्यमच, पण अंतर पुरेसं. हेकलर अँड कॉखच्या एसएफपी९ ची टीआर म्हणून जी आवृत्ती आहे ती त्यासाठीच बनवलेली.

आणि एक खेळ करून बघा. पिस्तूल रिकामं, चेंबर (नळीमागची गोळी बसायची जागा) दोनदा बघितलेलं, काडतुसं त्या खोलीत नाहीत. समोरच्या माशीजवळ (नेम धरायची पुढची खूण) स्लाइडवर, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, एक नाणं ठेवा आणि चाप ओढा. अडीच किलोच्या चापावर नवशिक्याचं नाणं आठवड्याभरात टिकायला लागतं. साडेपाच किलोच्या स्प्रिंगवर जुनी खोडंसुद्धा नाणं पाडतात, मी स्वतः कितीदा पाडलंय. पण लांब आणि मध्यम ओढीवर नाणं टिकतं, फक्त सराव जास्त लागतो.

उगाच_शंका

अडाणी प्रश्न आहे, हसू नका. सेफ्टीचा खटका असतो ना पिस्तुलाला, मग हा सगळा वाद कशासाठी? खटका लावला की झालं.

खाकीतली_वर्षं

हसण्यासारखं काही नाही, खात्याखात्यांत यावर भांडणं झालीत. खटक्याचा मोठा फायदा म्हणजे झटापटीत पिस्तूल हिसकावलं गेलं तर समोरच्याला खटका शोधण्यात दोन-चार सेकंद जातात, तेवढ्यात जीव वाचू शकतो. तोटा हा की घाबरलेला पोलीस स्वतःच खटका काढायला विसरतो आणि चाप ओढत बसतो. ग्लॉकने बाहेरचा खटकाच काढून टाकला, चापाच्या पात्यात एक छोटी जीभ बसवली आणि आत दोन आपोआप चालणाऱ्या सेफ्ट्या. पिस्तूल पडलं तर सुटणार नाही यासाठी ते उत्तम आहे. पण बोट असो, जॅकेटची दोरी असो, चापावर नीट दाब आला की ती जीभ दबणारच. होल्स्टरमध्ये (कमरेच्या पिस्तुलाच्या म्यानात) पिस्तूल परत घालताना अशीच गोळी सुटते आणि स्वतःच्याच मांडीत जाते.

तेल_आणि_चिंधी

आणि पडल्यावर सुटणार नाही हेही गृहीत धरू नका, खरेदीआधी स्वतः आपटून बघा. सिग पी३२० चं २०१७ मध्ये झालं ते माहीत असेल, ठराविक कोनात मागच्या बाजूवर पडलं की सुटायचं कारण चापाचाच तुकडा वजनदार होता, पिस्तूल जमिनीवर थांबलं तरी तो आपल्या वेगाने मागे सरकत राहायचा. मग कंपनीने फुकट बदल करून दिला, त्यात हलका चाप बसवला. म्हणजे इथे हलका चाप जास्त सुरक्षित निघाला, घ्या आता! (हलका म्हणजे चापाच्या तुकड्याचं वजन हलकं, ओढ नव्हे, नाहीतर तिरकसराव लगेच नाचायला लागतील.)

अजून एक गोष्ट खरेदीच्या कागदावर सापडत नाही. पिस्तूल उघडायला चाप दाबावा लागतो की नाही? ग्लॉकला लागतो. एम अँड पी आणि पी३२० ला न दाबता उघडता येतं. हा फरक किती मोठा ते शस्त्रागारात बसलेल्याला विचारा. आमच्याकडे एकजण, मॉडेल सांगत नाही कारण चूक पिस्तुलाची नव्हतीच, रात्रपाळी संपवून पिस्तूल साफ करायला बसला. आधी स्लाइड ओढली, चेंबरमधली गोळी टुणकन बाहेर पडली, मग मॅगझिन काढलं. क्रम उलटा! स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत घेऊन गेली होती. तो टेबलावर पडलेल्या गोळीकडे बघत होता, ती समोर दिसतेय म्हणजे पिस्तूल रिकामं असं त्याच्या डोक्यात पक्कं. चाप दाबला. वाळूच्या बादलीकडे नळी होती म्हणून आज मी हे मजेत लिहितोय. त्या बादलीवर आधी सगळे हसायचे.

छोटी_मूठ

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. या सगळ्या चर्चेत हात कुणाचा आहे हे कुणीच विचारलं नाही.

मला नोकरीच्या सुरुवातीला जाडजूड मुठीचं, डबल स्टॅक (मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत), पहिल्या गोळीला लांब जड ओढ असलेलं पिस्तूल दिलं. माझ्या बोटाचं फक्त टोक चापाला टेकायचं, तेही मूठ बाजूला फिरवून धरली तर. मग धक्का तळहातात न बसता अंगठ्याच्या बुडाशी बसायचा. पहिली गोळी खाली, दुसरी हलक्या ओढीने अचानक लवकर सुटायची ती वर. दोनदा नापास झाले. शिक्षकसाहेब म्हणाले मनगटात जोर नाही, दोरीउड्या मारा, डंबेल उचला. मारल्या, उचलले. काही फरक नाही.

मग दलाने पिस्तूल बदललं, मुठीच्या मागचा तुकडा बदलता येणारं स्ट्रायकर आलं. सगळ्यात छोटा तुकडा बसवला, चापावर बोटाची मधली गादी आली, आणि त्याच मनगटाने पहिल्याच दिवशी पास. आता मीच नव्या मुलींना शिकवते. वॉल्थर पी९९ ने ही बदलत्या मुठीची सोय नव्वदच्या दशकात आणली, ग्लॉकला २०१० उजाडलं, आणि आपण अजून पौंडांवर भांडतोय.

खाकीसर, राग मानू नका, तुमची 'उशी' मोठ्या हाताला उशी आहे, माझ्या हाताला ती भिंत होती.

खाकीतली_वर्षं

राग कसला ताई. मनगटात जोर नाही हे वाक्य मीही कितीजणींना ऐकवलंय, आता आठवून लाज वाटते. हाताचं माप आधी घ्यायला हवं, मान्य. पण मी लांब ओढीवर ठाम आहे, १२ पौंडांवर नाही. तेलचिंधीकाका म्हणतात तसं मध्यम जोर, लांब प्रवास, आणि पहिल्या-दुसऱ्या गोळीत फरक नको. तेवढं द्या, मी भांडण मिटवतो.

तिरकस_नेम

मी नाही मिटवत :) लांब प्रवासाला सराव जास्त लागतो हे काकांनीच लिहिलंय. आणि जी खाती जड चाप मागतात तीच सरावाला काडतुसं देताना हात आखडतात. सराव नाही म्हणून जड चाप, जड चाप म्हणून नेम नाही, नेम नाही म्हणून मॅगझिनमध्ये गोळ्या वाढवा. छोटीताईंचा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता, तो शंभर टक्के.

आणि त्या एम अँड पी च्या आकड्यांत पिस्तुलाला लावलेले दिवेही होते हे विसरू नका सर. चापाच्या कडीखालच्या बटणाने दिवा लावायला गेले आणि बोटाने चाप ओढला असेही प्रकार त्यात आहेत. त्याला चापाचा जोर काय करणार?

खाकीतली_वर्षं

दिवा लावायला गेलेलं बोट चुकलं तर जड चापावर निदान दिवाच लागला असता, गोळी नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं निघालं.

उगाच_शंका

मला आता एवढंच सांगा, उद्या कुणी तुम्हा चौघांना खरेदीला पाठवलं तर पहिली वस्तू काय घ्याल?

तेल_आणि_चिंधी

चापाचा जोर मोजायचा काटा. मी एकदा एकाच मॉडेलची सगळी पिस्तुलं रांगेने मोजली होती, कागदावर सगळी सारखी. दोन मात्र जवळपास दीड किलोने जड निघाली. उघडली तर आत जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं आणि त्यात होल्स्टरचा भुसा. ज्याच्याकडे ती होती तो म्हणाला, मला वाटलं ही अशीच येतात.