अनुभव आला, म्हणून देव आहे का?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

गेल्या मे महिन्यात वडील अतिदक्षता विभागात होते. चौथ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, माझ्या बाकावर कोणीतरी येऊन बसले आहे आणि 'काळजी करू नकोस' असे न बोलता सांगत आहे, याची जाणीव मला इतकी स्पष्ट झाली की मी सरकून जागा करून दिली. वडील बरे झाले. आई दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाते आणि मला विचारते, "तुला तर साक्षात प्रचिती आली, तरी तुझा विश्वास कसा नाही?"

अनुभव आला हे मी नाकारत नाही. मात्र त्याला 'ईश्वर' हे नाव आम्ही वडील घरी आल्यानंतर दिले. त्याच आठवड्यात त्या विभागात दोन रुग्ण दगावले. त्यांच्या नातेवाइकांपैकी कोणाला असाच दिलासा मिळाला असेल, तर तो ते कोणाला सांगत बसणार नाहीत. आपल्या कानी येतात त्या केवळ फळलेल्या प्रचिती. शिवाय २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो आहे हे हजारो लोकांनी 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलेच होते.

महालकर

दुधाचे उदाहरण येथे लागू पडत नाही. तो दृश्य घटनेविषयीचा दावा होता; शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळते हे दाखवले आणि प्रश्न मिटला. आपला अनुभव त्या जातीचा नाही. जागरणामुळे मन हळवे झाले असेल, पण जागरण झालेल्या माणसालाही समोरून येणारी गाडी खरीच दिसते. जोवर बाधक पुरावा मिळत नाही, तोवर ज्ञान प्रमाण मानावे, हा आपल्याकडचा जुना न्याय आहे.

नागपूरकरांना तर हे वेगळे सांगायला नको. सूफी संत ताजुद्दीन बाबांना १८९२ ते १९०८ अशी सोळा वर्षे येथील पागलखान्यात ठेवले होते, पुढे रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना सन्मानाने सक्करदऱ्याला नेले आणि आज ताजबागेत सर्व धर्मांचे लोक माथा टेकतात. सरकारी शिक्क्याने अनुभव खोटा ठरत नाही.

अंबाझरीकर

शिक्क्याने ठरत नाही, तसा गर्दीनेही ठरत नाही. आणि आपण सांगितलेला न्याय हा मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या दर्शनाच्या अनुयायांचा, स्वतःप्रामाण्यवाद आहे. गंमत अशी की ज्ञान आपोआप प्रमाण मानणाऱ्या त्याच मीमांसकांनी जगाचा कर्ता ईश्वर मानला नाही, आणि त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी योग्यांना इंद्रियांपलीकडचे थेट दिसते हा दावाही फेटाळला. उलट ईश्वर मानणारे नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात की ज्ञानाची सत्यता बाहेरून तपासावी लागते. मृगजळाने तहान भागत नाही, तेव्हा ते पाणी नव्हते हे कळते. माझ्या बाकावरच्या जाणिवेची अशी तहान कोणती?

दीक्षाभूमी परिसर

स्तूपाच्या घुमटाखाली एकटा बसलो असता मला दोनदा अगदी असाच अनुभव आला: शेजारी कोणी असल्यासारखे वाटणे आणि पूर्ण निर्भयता. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. त्या वातावरणात वाढल्यामुळे मी त्याला चित्ताची एक अवस्था म्हटले. तेथे गणपती आला असेल असे मनातही आले नाही.

महालकर

दोन साक्षीदारांनी नावे वेगळी सांगितली, तरी 'कोणीतरी होते' यावर त्यांचे एकमत असू शकते.

दीक्षाभूमी परिसर

एकमत नाही. कोणीही नव्हते, ही माझी साक्ष आहे.

महालकर

ठीक. पण मग 'हे सारे मेंदूचे खेळ' असेही कोणी सहज म्हणू नये. कॅनडातील मेंदूसंशोधक मायकेल पर्सिंजर यांनी शिरस्त्राणातून क्षीण चुंबकीय क्षेत्र देऊन 'अदृश्य सान्निध्या'ची जाणीव निर्माण केल्याचा दावा केला होता. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी, क्षेत्र केव्हा चालू आहे हे कोणालाच कळू न देता, तो प्रयोग करून पाहिला, तेव्हा क्षेत्राचा परिणाम आढळला नाही.

अंबाझरीकर

हे पूर्ण सांगावे. ज्यांची सूचनावशता, म्हणजे सुचवलेले चटकन खरे वाटण्याची प्रवृत्ती, जास्त, त्यांनाच असे अनुभव अधिक आले, क्षेत्र चालू असो वा बंद; २००५ साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे.

महालकर

मान्य. तरी एकच विचारतो: विश्वास नव्हता, तर आपण जागा का करून दिली?

अंबाझरीकर

शरीर सरकले, मत विचारायला ते थांबले नाही. अंधारात दोरी पाहून मागे हटणाऱ्याचेही तसेच होते.

महालकर

दोरी ती दोरीच, हे दिवा आणल्यावर कळते. आपण दिवा आणला होता का?

अंबाझरीकर

नाही, आणि आता आणूनही उपयोग नाही. त्यामुळे 'तेथे कोणीच नव्हते' असे मी दीक्षाभूमीकरांइतक्या ठामपणे म्हणणार नाही. मंगळवारी आईला टेकडीपर्यंत सोडतो आणि बाहेर चपलांपाशी थांबतो.