टॉवर सर्व्हर आणि वर्कस्टेशनचा पुरवठा: वीज बेभरवशाची, सुटे भाग महिनाभर दूर. कोटेशनमध्ये काय धरायचं?

नवा_पुरवठा
उदयोन्मुख बाजारपेठेतल्या ऑफिसांना माल द्यायचा आहे. वीज दिवसातून दोन-चारदा जाते, कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ नाही आणि सुटा भाग बाहेरून यायला तीन-चार आठवडे लागतात. आत्ताची मागणी २२ माणसांच्या ऑफिसची आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सामायिक फाइल्ससाठी एक टॉवर सर्व्हर (उभ्या कॅबिनेटमधला, रॅक न लागणारा), शिवाय ड्रॉइंगच्या कामाला ६ वर्कस्टेशन (जड कामाचे कॉम्प्युटर). वेगळी सर्व्हर रूम नाही. ब्रँडेड द्यावं की असेंबल्ड? यूपीएस किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, त्याच्या क्षमतेचं माप)? आणि सुटे भाग किती ठेवायचे?

सर्व्हिस_बेंच
मॉडेल ठरवण्याआधी त्या जागेची वीज तपासा. सॉकेटवर मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा, तेही ऑफिस पूर्ण लोडवर असताना. २ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ५ च्या वर गेलं तर आधी वायरिंग आणि अर्थिंग दुरुस्त करून घ्या, मगच मशीन लावा. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या सॉकेटवर ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. सर्व्हरचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असतो, तो तिथेच जळतो. म्हणून यूपीएसच्या आधी ओव्हर-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज वाढलं की वीज तोडणारं उपकरण) हवाच.

यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॉट बघा. ०.६ पॉवर फॅक्टरचा (व्हीएला त्याने गुणलं की वॉट मिळतात) १००० व्हीए यूपीएस फक्त ६०० वॉट देतो. खरी गडबड मात्र वेव्हमध्ये (बाहेर येणाऱ्या विजेच्या लहरीच्या आकारात) होते. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह त्यातल्या बऱ्याच सप्लायना चालत नाही. मग लाइट गेली की यूपीएस चालू राहतो आणि सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो. ग्राहक म्हणतो सर्व्हर खराब, तुम्ही मदरबोर्ड शोधत बसता. सर्व्हरला प्युअर साइन वेव्हचा, शक्यतो ऑनलाइन (सतत इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा) यूपीएस द्या.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी ४० टक्क्यांवर आली की शटडाउन, असं लावा. ही केबल हमखास खोक्यातच राहते. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर सुरू होण्याला काही मिनिटांचा विलंब द्या, कारण परतलेली वीज पहिली काही मिनिटं ये-जा करते. आणि यूपीएस साठवून ठेवणार असाल तर त्याची बॅटरी दर सहा महिन्यांनी चार्ज करा, गरम गोदामात त्याहून लवकर. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

डिस्क_आणि_रॅम
सुट्या भागांत पहिली चूक रॅमची होते. एका सॉकेटच्या लहान टॉवर सर्व्हरला बहुधा ईसीसी (चुका आपोआप सुधारणारी) यूडीआयएमएम लागते, म्हणजे बफर नसलेली रॅम; मोठ्यांना आरडीआयएमएम, म्हणजे मध्ये रजिस्टर चिप असलेली. डीडीआर४ मध्ये दोन्ही एकाच खाचेत बसतात, त्यामुळे चूक कळते ती मशीन बूट झालं नाही की. डीडीआर५ मध्ये खाचच वेगळी आहे. स्टॉकच्या पाकिटावर प्रकार ठळक लिहा, नुसतं '१६ जीबी सर्व्हर रॅम' लिहू नका.

डिस्क: ४ टीबीच्या चार, रेड १० मध्ये (डिस्कच्या जोड्या, जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा). वापरायला ८ टीबी मिळतात. रेड ५ मध्ये (डेटा सगळ्यांत वाटलेला, एका डिस्कएवढी जागा दुरुस्तीच्या माहितीला) १२ मिळतील, पण एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात आणि तेवढ्या वेळात दुसरी गेली की सगळं गेलं. रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचली जाते. एसएमआर डिस्क (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) घेऊ नका, रीबिल्डच्या (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या) लिखाणात त्या इतक्या मंदावतात की कंट्रोलर त्यांना बाद ठरवतो. पाचवी डिस्क ग्राहकाच्याच कपाटात ठेवा आणि ती कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. तुमच्या गोदामातली डिस्क पोचेपर्यंत ॲरे (डिस्कचा संच) एका पायावर उभा असतो.

रेड सांभाळणाऱ्या वेगळ्या कार्डापेक्षा अशा ठिकाणी मला सॉफ्टवेअर रेड बरं वाटतं. कार्ड गेलं तर बहुतेकदा त्याच घराण्यातलं कार्ड लागतं, म्हणजे महिनाभर थांबा. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावून वाचता येतात.

लायसन्स_मोजा
विंडोज सर्व्हरच द्यायचा असेल तर कार्ड ठीक आहे, फक्त एक जादा कार्ड स्टॉकला हवं. कॅशची (कार्डावरच्या तात्पुरत्या मेमरीची) बॅटरी उतरली की कार्ड राइट-बॅकवरून (आधी कॅशमध्ये लिहिणं) राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) जातं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर अचानक रेंगाळतं. अशी तक्रार आली की आधी बॅटरी बघा.

स्टँडर्ड आवृत्तीचं लायसन्स कोरवर आहे आणि किमान १६ कोर घ्यावेच लागतात, प्रोसेसर ८ कोरचा असला तरी. शिवाय २२ कॅल (दर वापरकर्त्यामागे लागणारे परवाने) वेगळे. कोटेशनमधून सुटते ती हीच ओळ, आणि मग फरक पुरवठादाराच्या गळ्यात पडतो. एसेन्शियल्स या लहान आवृत्तीला २५ वापरकर्त्यांपर्यंत कॅल लागत नाहीत, पण २२ च्या ऑफिसला चारच माणसं वाढली की ती अपुरी पडते.

नवा_पुरवठा
आणि वर्कस्टेशन?

सर्व्हिस_बेंच
सर्व्हर ब्रँडेड द्या, त्यात दुरून व्यवस्थापनाचं वेगळं पोर्ट मिळतं. मशीन बूट होत नसलं तरी स्क्रीन दुरून पाहता येते (बऱ्याचदा त्याचं लायसन्स वेगळं लागतं), एक खेप वाचते. त्याचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.

वर्कस्टेशन असेंबल्ड द्या, सहाही हुबेहूब एकसारखी. ब्रँडेड वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड बऱ्याचदा त्याच्या-त्याच्या मापाचे असतात, बाजारातला एटीएक्स (प्रमाणित मापाचा) सप्लाय बसत नाही. सहा मशीनमागे एक पॉवर सप्लाय, रॅमची एक जोडी, एक एसएसडी आणि दोन पंखे जादा धरा. जादा ग्राफिक्स कार्ड नको. त्याऐवजी अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर निवडा (इंटेलच्या क्रमांकाअखेर एफ असेल तर ते नसतं). कार्ड गेलं तरी पडदा चालू राहतो आणि हलकं काम अडत नाही. साध्या ड्रॉइंगला ७० वॉटचं आरटीएक्स ए२००० ग्राफिक्स कार्ड पुरतं, त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

पाठवणी_आधी
माल निघण्याआधी रॅम टेस्टच्या ४ फेऱ्या आणि प्रत्येक डिस्कची लांब स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची केलेली तपासणी) करा. ४ टीबीला साधारण सात-आठ तास लागतात. स्मार्टच्या यादीतले क्रमांक ५, १९७ आणि १९८ (खराब सेक्टरचे आकडे) शून्य नसतील तर डिस्क परत करा. जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात भरा. खराब रस्त्यावर त्याच्या वजनाने स्लॉट तडकतो. पोचल्यावर झाकण उघडून रॅम आणि केबल पुन्हा दाबून बसवा. एसीतल्या गोदामातून दमट हवेत आलेलं खोकं काही तास बंदच राहू द्या, आत पाणी धरतं.

सर्व्हर जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटा ठेवा. आत जाणारी हवा ३५ अंशांच्या वर नको, बहुतेक टॉवरची मर्यादा तेवढीच आहे.

आणखी एक काम दहा मिनिटांचं आहे. प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर समोरून दिसेल अशी चिठ्ठी लावा: बे (डिस्कच्या खणाचा) क्रमांक आणि सिरियलचे शेवटचे चार अंक. तोच तक्ता झाकणाच्या आतूनही चिकटवा. डिस्क गेल्यावर फोनवरून 'तिसरी काढा' म्हटलं की समोरचा वरून मोजतो की खालून, हे कळत नाही. चुकून जोडीतली चांगली डिस्क निघाली तर रेड १० सुद्धा बसतो.