प्रतिसाद: ऑनियन सूप आणि व्हेज माणूस

वर कोणीतरी लिहिलंय की पॅरिसमधे बिस्त्रोत (छोट्या रेस्टॉरंटमधे) व्हेज माणसाने डोळे मिटून ऑनियन सूप मागवावं. नका हो मागवू! नाव कांद्याचं असलं तरी ते बहुतेक बीफच्या स्टॉकमधे करतात, आणि वरचं ग्रुयेर चीजही वासराच्या रेनेटवाचून (त्याच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं एन्झाइम) होत नाही. मी पण एकदा फसलेय, अर्धा बाऊल संपल्यावर नवऱ्याने वेटरला सहज विचारलं तेव्हा कळलं, मग उरलेलं नवऱ्यानेच संपवलं, त्याला काय सगळंच चालतं. त्यापेक्षा प्वारो विनेग्रेत बघा, म्हणजे उकडलेले लीक्स (आपल्या कांद्याच्या पातीची थोरली, जाडजूड बहीण) आणि वर मोहरीचं आंबटसर ड्रेसिंग. गरम गोट चीजचं सॅलड घेतलंत तर 'सां लार्दों' (लार्दों नकोत) सांगायला विसरू नका, नाहीतर त्यात बेकनचे तुकडे निघू शकतात.

आणि पाण्याचंही बिल लागतं असं वर म्हटलंय, तर बाटली न मागता 'काराफ दो' (पाण्याचा जग) म्हणायचं, नळाचं पाणी फुकट मिळतं, २०२२ पासून तर तसं मेन्यूवर किंवा फलकावर लिहायचा कायदाच आहे. टिपचंही टेन्शन नको, सर्व्हिस किमतीतच धरलेली असते.