इल्कली मूरवर क्लबचा ग्रुप रन, नेहमी सपाटीवर पळणारीने जावं का?

कालव्याकाठची
नमस्कार मंडळी. मी लीड्सला असते, पळायला लागून दीड वर्ष झालं पण सगळं सपाटीवर, रस्ता नाहीतर कॅनॉलच्या कडेने. जानेवारीत एका रनिंग क्लबात नाव घातलं. येत्या रविवारी क्लबचा ग्रुप रन इल्कली मूरवर, म्हणजे इल्कली गावावरच्या उघड्या डोंगरी माळावर आहे, ट्रेनने इल्कलीला उतरायचं, व्हाइट वेल्स या जुन्या स्नानगृहावरून वर, ट्वेल्व्ह अपॉसल्स हे दगडांचं वर्तुळ, मग ट्रिगपॉइंट (माथ्यावरचा मोजणीचा खांब) आणि येताना स्वस्तिक स्टोन हा कोरलेला खडक, १३ किमी लिहिलंय. मेसेजमध्ये 'कोणालाही मागे सोडत नाही' असं आहे पण ते तर सगळेच लिहितात, आधीच्या एका क्लबात मला असंच बोलावून पहिल्या दोन किलोमीटरात सगळे दिसेनासे झाले होते आणि मी गूगल मॅप बघत एकटी घरी आले, ते अजून डोक्यातून जात नाही. माझा सपाटीवर पेस किलोमीटरला सात मिनिटं. चिखल-मातीत पळायचे ट्रेल शूज नाहीत. किट लिस्टमध्ये हुडवालं वॉटरप्रूफ, टोपी, शिट्टी आणि हातमोजे, मे महिन्यात हातमोजे?? आणि नवरा म्हणतो कुत्र्यालाही ने. जाऊ का गप घरी बसू?

चिखल्या
जा. पहिलं म्हणजे ते सात मिनिटं वगैरे विसर, मूरवर पेसला काही अर्थ नसतो. स्टेशनपासून माथ्यापर्यंत साधारण ३०० मीटर चढायचंय, माथा ४०२ मीटर, आणि तो चढ चांगले चांगले पण चालतच चढतात, हात गुडघ्यांवर ठेवून. किलोमीटरला दहा-अकरा मिनिटं लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस, पेस न मोजता वेळ मोज, दोन-अडीच तास धर.

शूज मात्र घे, नाहीतर कोणाचे तरी मागून ने. वर पीट आहे म्हणजे काळी लगद्यासारखी माती, वरून हिरवंगार गवत दिसतं आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. रोडचे शूज त्यात साबणासारखे सरकतात. मधे दगडी फरश्या टाकलेल्या वाटा आहेत, ओल्या असतील तर जपून, पण सरकतं म्हणून कडेच्या हेदरच्या झुडपांमधून पळू नकोस, फरश्या घातल्यात त्या पीट तुडवून धुपू नये म्हणूनच. (पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर तर बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या फरश्या उचलून आणून घातल्यात, आमच्या घरी तीन पिढ्या गिरणीत गेल्या त्यामुळे मला ते कळल्यावर फार भारी वाटलेलं.)

मागची_माणसं
कालव्याकाठच्या ताई, मी एका क्लबात शेवटी पळणारा असतो, म्हणजे माझं कामच सगळ्यात मागे राहणं. तुम्ही लीडरला आजच मेसेज करून दोनच गोष्टी विचारा, शेवटी कोण असणार आणि पुढचे कुठे कुठे थांबणार. या दोन्हीची नीट उत्तरं आली तर डोळे मिटून जा. 'बघू, असेल कोणीतरी' असं आलं तर नका जाऊ, इतकं सोपं आहे. चांगल्या ग्रुपमध्ये प्रत्येक गेटला, प्रत्येक फाट्याला पुढचे थांबतात आणि मागचा आला की लगेच सुटत नाहीत, त्याला पण श्वास घेऊ देतात!! हे बरेच जण विसरतात, पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि मागच्याची कधीच होत नाही.

हातमोज्यांचं हसू नका. खाली टीशर्टवर ऊन खात असता आणि वर ढग उतरला की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही, वारा असतोच, घामाने ओले झालेलो असतो आणि कोणाचा पाय मुरगळून दहा मिनिटं थांबावं लागलं की सगळेच कुडकुडायला लागतात, ज्याचा पाय मुरगळला तो तर जास्तच. शिट्टी त्यासाठीच. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा. फोन लागत असेल तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू पाहिजे म्हणून सांगायचं. ते लोक सगळे स्वयंसेवक, पैसे घेत नाहीत.

वेताळटेकडी_ते_यॉर्कशर
कुत्रा घरी ठेवा हो. १ मार्च ते ३१ जुलै ओपन ॲक्सेसच्या, म्हणजे लोकांना फिरायला मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर कुत्रा दोन मीटरच्या आतल्या दोरीवरच पाहिजे, पक्षी जमिनीवर अंडी घालतात. लॅपविंग म्हणजे आपल्या टिटवीची चुलत बहीणच, तशीच डोक्यावर घिरट्या घालून आरडाओरडा करते. कुत्र्याला दोरीने बांधून चिखलातून पळणं म्हणजे एकतर तुम्ही पडणार नाहीतर तो.

आणि स्वस्तिक स्टोनबद्दल सांगतो कारण मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फसलो. लोखंडी कठड्याच्या आत समोरच्या दगडावर जे ठसठशीत दिसतं ती नंतर कोरलेली नक्कल आहे, खरं त्याच्या मागच्या खडकावर आहे, पार झिजलेलं, ऊन तिरपं असेल तर दिसतं. आपल्या उंबऱ्यावरच्यासारखं सरळ रेघांचं नाही, हात गोलाई घेऊन वळलेत आणि मधे वाटीसारखे खळगे. असे खळगे आणि त्याभोवती रिंगणं कोरलेले खडक त्या मूरवर पुष्कळ आहेत. ट्वेल्व्ह अपॉसल्सचं वर्तुळ कांस्ययुगातलं धरतात, पण स्टोनहेंज डोक्यात ठेवून जाल तर हिरमोड होईल, लहानसे दगड आहेत, गवतात बसल्यासारखे. मला तेच आवडतं. व्हाइट वेल्सला झेंडा फडकत असेल तर उघडं आहे समजा. १८५९ मध्ये डार्विन पाण्याच्या उपचारांसाठी इल्कलीला येऊन राहिला होता, त्याचं ते जग हलवणारं पुस्तक बाहेर पडलं तेव्हा हा इथे गार पाण्याने अंघोळी करत होता.

चिखल्या
झालं, सरांचा तास सुरू 😄 ताई एक राहिलं, ब्रॅकनमधून म्हणजे त्या नेच्याच्या रानातून गेलात तर घरी येऊन पाय, गुडघ्यामागची जागा, कंबर नीट बघा, टिक म्हणजे गोचीड असते, त्यातून लाइम डिसीज होऊ शकतो. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही.

कालव्याकाठची
अपडेट देते, रविवार रात्र, पाय उचलत नाहीत.

लीडरला विचारलं, तिने लगेच शेवटच्या माणसाचा नंबरच पाठवला. मैत्रिणीचे अर्धा साइज मोठे ट्रेल शूज दोन मोजे घालून नेले. चढावर सगळे चालले, खरंच सगळे, मी आपली उगीच मान खाली घालून चालत होते आणि वर बघते तर पुढचे पण चालतायत. ट्रिगपॉइंटकडे जाताना एक पाय मांडीपर्यंत गेला आणि शूज आतच राहिला, शेवटच्या काकांनी खांद्यापर्यंत हात घालून काढून दिला आणि म्हणाले तुझा या महिन्यातला दुसरा. ढग आला, हातमोजे घातले, मागची_माणसं दादा तुमची माफी मागते. १३ किमीला दोन तास ४८ मिनिटं. प्रत्येक गेटला थांबले आणि मी पोचल्यावर पण थांबले.

मागच्या खडकावरचं खरं स्वस्तिक मीच सगळ्यांना दाखवलं, क्लबातले निम्मे इतकी वर्षं नक्कलच बघत होते!

आता हे मैत्रिणीचे शूज परत द्यायच्या लायकीचे कसे करायचे ते सांगा.

मागची_माणसं
गार पाण्याने धुवून आत वर्तमानपत्र कोंबा, दोन-तीन तासांनी कागद बदलत राहा. हीटरवर ठेवू नका, सोल सुटतो. वास जाणार नाही, नवीन घेऊन द्या आणि हे तुम्हीच ठेवा.