एप्टेशिया ब्लेडने खरवडू नका
एप्टेशिया म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत खडकांवर पसरणारं, फुलासारखं दिसणारं उपद्रवी समुद्री अ‍ॅनिमोन. ते "ब्लेडने खरवडून काढा" असा सल्ला कुणी दिला तर कृपया अमलात आणू नका. एप्टेशियाच्या तळाचा इवलासा तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. एप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी टाकीत सोडा, या सल्ल्याशी मात्र पूर्ण सहमत. फक्त घेताना नीट पाहा, तिच्या नावाखाली कधीकधी कॅमल कोळंबी गळ्यात मारतात. पाठीला ठळक कुबड आणि लाल अंगावर पांढरे पट्टे दिसले तर ती नकोच, ती कोरलचे पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जिवंत जीव) कुरतडते.

मोठ्या एप्टेशियांवर मी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर सोडते. आधी टाकीतलं पाणी फिरवणारे पंप बंद करायचे आणि सुई अगदी सावकाश न्यायची, कारण जरा धक्का लागला की ते भोकात आक्रसून बसतं. एका दिवशी दोन-चारच करा, नाहीतर या पेस्टमुळे पाण्याचा पीएच झपाट्याने चढतो.