ऑनलाइन चाचणीने मुलांची वाचनपातळी ठरवायची? माझा विरोध आहे

धंतोलीचा वाचक (धागाकर्ता)

परवा पालकांच्या गटात एक पोस्ट आली. मुलीच्या शाळेत सत्र सुरू होताच ऑनलाइन वाचनचाचणी झाली, वीस मिनिटांत प्रत्येक मुलाचा आकडा हातात आला, आता ग्रंथालयातून त्या आकड्याचीच पुस्तकं मिळतात आणि नागपुरातल्या प्रत्येक शाळेने हे ताबडतोब सुरू करावं, असा मजकूर. खाली नुसते अंगठे. मी दोन ओळींत आक्षेप घेतला तर "तुम्हाला तंत्रज्ञानाचीच भीती दिसते" असं उत्तर मिळालं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझा मुख्य आक्षेप हा की ती चाचणी मुलाला वाचताना ऐकतच नाही. पडद्यावर उतारा, खाली चार पर्याय. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, आणि शेवटी एक आकडा. का चुकलं हे त्या आकड्यात कुठेच नसतं. एका मुलाला अक्षरंच जुळवता येत नाहीत. दुसरा खडाखडा वाचतो, पण त्या भाषेतले निम्मे शब्द त्याने कधी ऐकलेले नाहीत. तिसऱ्याला कंटाळा आला म्हणून त्याने वाटेल ते दाबलं. तिघांचा आकडा सारखा येऊ शकतो, आणि तिघांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये हेच मांडलं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही असो, उत्तर शून्य. चाचणी फक्त गुणाकार दाखवते. शिक्षकाला हवा असतो गुणक.

दुसरं, पुस्तकांचे आकडे. लेक्साइलसारख्या, मुलाला आणि पुस्तकाला एकाच मापाचा आकडा देणाऱ्या पद्धतीत पुस्तकाचा आकडा मुख्यतः दोन गोष्टींवरून निघतो: वाक्यं किती लांब आहेत आणि शब्द किती वापरातले आहेत. मुलाचा आणि पुस्तकाचा आकडा जुळला, तर त्याला साधारण 75 टक्के समजेल, असा तो अंदाज असतो. अंदाजच. आमच्या ओळखीतल्या शाळेने त्याची भिंत केली: पुस्तकांवर पातळीनुसार रंगीत स्टिकर, आणि मुलाने आपल्याच रंगाचं पुस्तक घ्यायचं. माझ्या भाचीने वाघांवरचं पुस्तक मागितलं तर "तुझ्या रंगाचं नाही" म्हणून ते परत कपाटात गेलं. ताडोब्याहून नुकतीच आलेली पोर होती ती. तिने ते पुस्तक अडखळत का होईना, संपवलंच असतं.

मानेवाड्याची आई

तुमचा लेख वाचून राग आला, स्पष्टच सांगते.

माझा मुलगा पाचवीत जाईपर्यंत दरवर्षी प्रगतिपुस्तकावर "वाचन उत्तम" असा शेरा. धडे त्याला पाठ असायचे. बाई उभं करायच्या, हा पुस्तकाकडे बघत घडाघडा म्हणायचा. घरी आम्हीही खूश. मग शाळेने ही ऑनलाइन चाचणी घेतली आणि त्याचा आकडा वर्गात जवळजवळ सगळ्यांच्या खाली आला. मी भांडायला गेले. तिथे बाईंनी त्याच्यासमोर एक न शिकवलेला परिच्छेद ठेवला आणि पोरगा दुसऱ्या ओळीतच अडकला. इतकी वर्षं एकाही माणसाच्या कानाला हे कळलं नव्हतं. यंत्राला कळलं. तुम्ही म्हणता यंत्र ऐकत नाही. ऐकणाऱ्यांनी काय केलं ते मी बघितलंय.

धंतोलीचा वाचक

ताई, तुमच्या मुलाचं झालं ते वाईटच झालं. पण तुमच्याच गोष्टीत पुन्हा वाचा. यंत्राने आकडा दिला. अडचण कुठे आहे ते कळलं बाईंनी न शिकवलेला परिच्छेद समोर ठेवून ऐकलं तेव्हा. हेच पहिलीपासून दरवर्षी व्हायला हवं होतं.

मानेवाड्याची आई

झालं नाही ना पण. "व्हायला हवं होतं" ऐकून माझ्या मुलाची ती वर्षं परत येणार आहेत का?

वर्गशिक्षिका, हिंगणा रोड

धागाकर्त्यांना एकच विचारते. माझ्या वर्गात 52 मुलं आहेत. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, ते कागदावर. प्रत्येकाला पाच मिनिटं ऐकायचं म्हणजे 260 मिनिटं, चार तास वीस मिनिटं. त्या वेळात उरलेली एक्कावन्न मुलं काय करणार? विदर्भात शाळा उघडायलाच जूनची अखेर होते, बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. मग पावसाळी सुट्ट्या, घटक चाचण्या, ऑनलाइन माहिती भरणं, मध्येच निवडणुकीचं काम. चाचणी माझे ते चार तास वाचवते. ती परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही, पण पहिल्याच आठवड्यात कोणाकडे आधी बघायचं हे सांगते.

धंतोलीचा वाचक

मुलांना वाचता येतं का याचं सर्वेक्षण करणारे असरवाले 2005 पासून काय करताहेत? गावात जातात, घरी जातात, एका वेळी एका मुलाला बसवतात आणि मोठ्याने वाचायला लावतात. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्या चार पायऱ्या एका कागदावर मावतात. मूल कुठल्या पायरीवर थांबतं ते काही मिनिटांत दिसतं. त्यासाठी संगणक कक्ष लागत नाही की वर्गणी भरावी लागत नाही. स्वयंसेवकांना जमतं ते प्रशिक्षित शिक्षकांना का जमू नये?

वर्गशिक्षिका, हिंगणा रोड

कारण स्वयंसेवकाच्या पाठीमागे एक्कावन्न मुलं दंगा करत नसतात! हे वाक्य लिहिण्याआधी एक दिवस माझ्या वर्गात उभं राहून दाखवा. प्रत्येक गोष्टीत "शिक्षकांना का जमू नये". आम्हाला सगळं जमायला हवं, आणि पगाराच्या तारखेची चौकशी मात्र कोणी करत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे का?

जामठा पॅव्हेलियन

वेगळा मुद्दा. उतारा कशावर आहे यावर खूप काही ठरतं. 1988 मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलवरचा उतारा मुलांना वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. माझ्या पुतण्याच्या चाचणीत बर्फावरून घसरण्याबद्दल उतारा आला होता. नागपूरच्या पोराने मे महिन्यात 45 अंश बघितलेले असतात. त्याला कसोटीच्या चौथ्या दिवशी खेळपट्टी कशी वळते यावर उतारा द्या आणि मग आकडा बघा.

नंदनवन

आमच्याकडे तर ही चाचणी घरून द्यायला सांगितली होती. वर्गातल्या पंचवीस टक्के राखीव जागांवरच्या मुलांपैकी एकाच्या घरी एकच फोन, तो वडिलांसोबत कामावर. पोराने रात्री फुटक्या पडद्यावर चाचणी दिली. दुसऱ्या एका घरी आईने शेजारी बसून उत्तरं सांगितली, हे तिने स्वतःच कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघांच्या वह्यांवर वेगवेगळ्या रंगाचे ठिपके. त्या ठिपक्यांनी नेमकं काय मोजलं ते मला कोणी समजावून सांगावं.

बर्डीचा जुना विद्यार्थी

इतका वेळ सगळे बोलताहेत, पण ही चाचणी कुठल्या भाषेत होते ते कोणी विचारलंच नाही. इंग्रजीत! नागपुरातल्या घरांत मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि पातळी मोजायची इंग्रजीची. माझी नात सहावीत आहे, इंग्रजीचा आकडा भारी. तिला सीताबर्डीवर दुकानाची मराठी पाटी वाचायला सांगितली तर जोडाक्षरापाशी थांबते. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण आनंद केला. 2020 पासून सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची, असा कायदा आहे. त्या विषयाची पातळी कोणी मोजतं का?

धरमपेठ पालक

झालं, सगळे धागे शेवटी इथेच येतात. माझ्या मुलांना पुढे इंग्रजीतच शिकायचंय. शाळेने इंग्रजी वाचन तपासलं तर त्यात मराठीचा अपमान कुठे होतो?

बर्डीचा जुना विद्यार्थी

अपमानाचं मी बोललोच नाही. तुमच्या मुलाला आजीचं पत्र वाचता येतं का, एवढं सांगा.

धरमपेठ पालक

माझ्या मुलाची आजी त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते. आमच्या घरात येऊ नका.

कामठी रोड

2025 मध्ये हेच झालं. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय, जूनमध्ये सुधारित निर्णय, 29 जूनला दोन्ही रद्द आणि समिती. मोठमोठ्याने भांडलो आपण तिसरी भाषा कोणती यावर. पहिल्या भाषेत मूल वाचतं का, हे त्या सगळ्या गोंधळात किती जणांनी विचारलं? आमच्याकडे हिंदी पोट्ट्यांना टीव्हीवरूनच येते, त्याची चिंता नाही. पण हिंदी येते म्हणून देवनागरी येते, म्हणून मराठी वाचता येते, हा समज चुकीचा आहे. ळ आला, ऱ्या आला की अडतात.

धरमपेठ पालक

मग मराठीची ऑनलाइन चाचणी काढा ना. कोणी अडवलंय? शिव्या मात्र इंग्रजीच्या चाचणीला.

निवृत्त मास्तर, उमरेड

काहून भांडून राहिले बाप्पा. दोघांनाही सांगतो, ऐका.

इंग्रजीचं सूत्र उचलून मराठीवर बसवता येत नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. एका "घर"ची घरात, घराला, घरासमोर, घरासमोरच्यांनी अशी कितीतरी रूपं होतात. छापलेल्या शब्दांची नुसती वारंवारता मोजली तर रोजचा शब्दही दुर्मीळ ठरतो. आणि अवघडपणा बऱ्याचदा शब्दाच्या लांबीत नसतो, रफारात आणि जोडाक्षरात असतो. "कमळ" आणि "दुर्ग" दोन्ही छोटेच, पण पहिलीच्या पोराला त्यातलं कोणतं जड जातं ते कोणत्याही गुरुजींना विचारा.

पण मराठीत मोजत नाहीत हेही खरं नाही. निपुण भारत हे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान 2021 मध्ये आलं. त्यात दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीला किमान 60, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट आहे. एनसीईआरटीने 2022 मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अभ्यास केला तो वीस भाषांत, त्यात मराठी होती. आणि तो कसा केला? एकेका मुलाला समोर बसवून, वाचून घेऊन. सरकारनेसुद्धा ऐकूनच केला. म्हणून बर्डीच्या भाऊंचा प्रश्न आणि धागाकर्त्यांचा प्रश्न एकच आहे.

मी जिल्हा परिषद शाळेत होतो. पहिली ते चौथी एकाच खोलीत, गुरुजी दोन. मी रोज परिपाठानंतर दोन मुलं व्हरांड्यात घेऊन बसायचो. बाकीचे पाढे म्हणायचे. मॅडमच्या 52 मुलांना हे लागू पडेल असं म्हणत नाही. त्यांची अडचण खरी आहे.

वर्गशिक्षिका, हिंगणा रोड

मास्तर, रोज दोन मुलं म्हणजे माझ्या वर्गाला सव्वीस दिवस. एक पूर्ण महिना. तोवर पहिली चाचणी परीक्षा येते. पण ठीक आहे, पटतंय ते सांगते: सगळ्यांना ऐकणं मला शक्य नाही, ज्यांचा आकडा अगदी खाली आलाय अशा दहा-बारा मुलांना ऐकणं शक्य आहे. तेवढ्यासाठी मला ती चाचणी हवी. ती तुम्ही काढून घेतलीत तर ते दहा-बारा कोण हे शोधण्यातच दिवाळी होईल.

मानेवाड्याची आई

माझं तर पहिल्यापासून हेच म्हणणं आहे.

धंतोलीचा वाचक

यादी काढायला चाचणी वापरा, त्याबद्दलची हरकत मी मागे घेतो. मॅडमच्या गणिताला माझ्याकडे उत्तर नाही हे मान्य. पण तीन गोष्टी मान्य करणार नाही. चाचणी घरून घ्यायची नाही, शाळेतच घ्यायची, नाहीतर नंदनवनवाल्यांनी सांगितलं तेच होणार. मुलांचा आकडा पालकांच्या गटात टाकायचा नाही. आणि पुस्तकांवरचे रंगीत स्टिकर काढायचे. ज्यांच्या ए ते झेड पातळ्या जगभर शाळांत वापरतात त्या फाउंटस आणि पिनेल यांनीच सांगितलंय की पातळी हे शिक्षकाचं साधन आहे, मुलावर लावायचा शिक्का नाही. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेचीही भूमिका पुस्तकांवर पातळीची लेबलं लावण्याच्या विरोधात आहे. जिथे हे सगळं जन्मलं तिथले लोक हे सांगताहेत, आणि आपण इथे स्टिकरच्या शीट मागवतोय.

वर्गशिक्षिका, हिंगणा रोड

घरून नको, मान्य. गटात नको, हे तर मी मुख्याध्यापकांना आधीच सांगून झालंय, ऐकत नाहीत. स्टिकर मात्र राहणार. ग्रंथालयाच्या तासाला चाळीस मिनिटं असतात आणि ग्रंथपालाचं पद रिक्त आहे. स्टिकर नसेल तर मुलं पहिलं हाताला लागेल ते उचलून चित्रं बघतात.

जामठा पॅव्हेलियन

चित्रं बघू द्या की. मी तसंच वाचायला शिकलो.

धंतोलीचा वाचक

स्टिकर पुस्तकाच्या आतल्या पानावर लावा, शिक्षकाला दिसेल असा. मुलाने वाघ मागितला तर वाघ द्या.

वर्गशिक्षिका, हिंगणा रोड

बाराशे पुस्तकांचे स्टिकर काढून आत कोण लावणार? तुम्ही शनिवारी येता का?

निवृत्त मास्तर, उमरेड

मी येतो. उमरेडहून बस मिळते. शाळेची परवानगी तेवढी घेऊन ठेवा.

बर्डीचा जुना विद्यार्थी

त्या बाराशेत मराठी पुस्तकं किती, तेही मोजून घ्या मास्तर.