कबुली आणि क्षमा: तुमचे अनुभव लिहा

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, होऊन गेला. ईस्टरपर्यंतच्या या दिवसांत कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या (कन्फेशनच्या) रांगा लागतात, प्रोटेस्टंट मंडळ्यांत पश्चात्तापावर उपदेश होतात. उपदेश आपण पुष्कळ ऐकतो. इथे मला तुमच्याकडून ऐकायचंय: मनातलं बोलून टाकल्यावर किंवा कुणाला माफ केल्यावर प्रत्यक्ष काय बदललं? नाव नको, गाव चालेल. कुणाच्या लिहिण्यावर निवाडा देऊ नका, एवढी विनंती.

वसई

वडील गेल्यावर वाडी आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. ‘रीतच आहे’ म्हणालो, कागद तिला नीट वाचूही दिला नाही. पुढे जमिनीला काय भाव येणार हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. त्यानंतर दर वर्षी पापनिवेदनाला जायचो. राग, खोटं बोलणं, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवणं, सगळं सांगायचो; हे तेवढं सोडून. एकदा नवे फादर होते. जाळीशी गुडघे टेकले आणि तेच आधी तोंडातून निघालं. वाटलं, जपमाळ म्हणायला सांगतील आणि सुटलो. फादर म्हणाले, “परमेश्वर क्षमा करतोच. पण तिचं तिला परत द्यावं लागेल.” लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या बायबलमधल्या जक्कयाची आठवण करून दिली. चौपट मला झेपणारं नव्हतं. विहिरीकडचा तिचा हिस्सा बक्षीसपत्र करून तिच्या नावे केला. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं तो कागद मी स्वतः तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “दादा, बाबांनी सांगितलं होतं का तुला?” नाही म्हणालो आणि खरं काय ते पहिल्यांदाच सांगितलं. भाऊ आजही माझ्याशी बोलत नाही. पण बहिणीच्या घरी मी आता पोटभर जेवतो, पूर्वी घास उतरत नसे. कन्फेशन ही पळवाट आहे असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

नगर

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचे, छोटे पेले तबकातून फिरवतात. सासूबाईंच्या आजारपणात खर्चावरून जाऊबाईंशी बिनसलं होतं. मी तबक पुढे सरकवायची. शेजारी बसणाऱ्या बाईंना वाटायचं, हिची तब्येत बरी नसेल. अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन समेट कर, हे बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं पाठच होतं; पाय मात्र उचलत नव्हता. एका रविवारी उपासनेआधी आवारातच त्यांना गाठलं. “ताई, तुम्ही पैसे ठेवून घेतलेत असं मी चार लोकांत बोलले. ते खरं नव्हतं.” त्यांनी गळ्यात हात टाकला नाही की काही नाही. “बरं झालं बोललीस,” म्हणाल्या आणि आत गेल्या. मला तेवढं पुरलं. त्या दिवशी पेला घेतला.

पुणे

थोडी वेगळी बाजू मांडते. नवरा दारू पिऊन मारायचा. ‘ख्रिस्ती आहेस ना, माफ कर आणि नांदायला जा,’ असं मला ज्यांनी सांगितलं, त्यांनी माझी पाठ पाहिली नव्हती. मी माफ केलं, पण फार नंतर, आणि लेकीला घेऊन वेगळी राहून. कोर्टातली केस मागे घेतली नाही. पोप जॉन पॉल दुसरे 1983 मध्ये स्वतःवर गोळ्या झाडणाऱ्या आगजाला तुरुंगात जाऊन भेटले. माफ तर त्याआधीच केलं होतं. तरी तो पुढे 2000 पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. क्षमेने माझा रात्रंदिवसाचा सूड थांबला, नवऱ्याची शिक्षा नाही. हा फरक आपल्या वेदीवरून ठणकावून सांगायला हवा.

सोलापूर

आमची पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आली. 1905 मध्ये तिथे मोठं आत्मिक जागरण झालं. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत, केलेले अपराध सगळ्यांसमोर कबूल करत. पणजीने कोठारातून धान्य चोरल्याचं तेव्हा सांगितलं, असं आजी सांगायची. उपाशी पोरीची ती चोरी! मला आजही भरून येतं. पण आजी म्हणायची, त्यानंतर तिचं भीत भीत झोपणं थांबलं.

नालासोपारा

लग्न झाल्यापासून कन्फेशनला गेलोच नाही. काय म्हणून सुरुवात करायची तेही विसरलो. शिवाय फादर ओळखीचे. उद्या त्यांना तोंड कसं दाखवू?

वसई

नालासोपाराकर, तुम्ही सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपांनाही नाही. तरी संकोच वाटला तर दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा, चालतं. ‘फादर, फार वर्षांनी आलोय, मला आठवत नाही’ एवढं म्हणा, पुढचं ते विचारून घेतात. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, गर्दी असते, पाठीमागे रांग असली की घाई होते. त्याआधीच वेळ विचारून जा.